यांचं बोलणं मंद झालं तेव्हा

आमच्या घरातला कॉम्प्युटर मंद झाला म्हणजे आमचे हेच मंद बोलू लागले. नवख्या माणसाला हे विचित्र वाटेल, म्हणून आधी खुलासा करते. माझ्या नवऱ्याला आवाज नाही. काही वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्रच काढून टाकलं. कारण विचारायची नागपुरात कोणाला गरज पडत नाही. खर्रा, तंबाखू-सुपारीचा. आधी तोंड उघडेनासं झालं, मग घसा गेला. आता ते गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतात आणि हॉलमधल्या कॉम्प्युटरातून बोलतात. टाइप करतात, एन्टर दाबतात, आणि कॉम्प्युटर ते मोठ्यानं वाचतो.

ओठांवरून ओळखावं, तर तोंड जेमतेम बोटभर उघडतं. पाटी घेऊन पाहिली. पण पाटीवरचं वाचायला समोरच्याला थांबावं लागतं, आणि आमच्या सोयऱ्यांत थांबणारं माणूस शोधून सापडायचं नाही. मोबाइलवर यांची जाड बोटं एका अक्षरासाठी तीन अक्षरं दाबतात. शेवटी पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं तिचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर हॉलमध्ये मांडला, त्यात बोलणारा प्रोग्राम घातला, मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड आणला. टेबल यांनी स्वतः फिरवून घेतलं. बोलताना माणसांकडे तोंड पाहिजे म्हणाले. म्हणजे लिहून दाखवलं. त्यामुळे हे सोफ्यासमोर बसतात आणि पाहुण्यांना कॉम्प्युटरच्या पडद्याची पाठ दिसते.

मुलीनं निवडलेला आवाज बातम्या सांगणाऱ्या गृहस्थाचा आहे. हे मात्र टाइप करतात ते त्यांच्या उमरेडच्या बोलीत. त्यामुळे रोज सकाळी एक सभ्य, स्वच्छ, घासूनपुसून काढलेला आवाज मला विचारतो, "काहून वं, चहा नाही झाला का अजून?" पहिले काही दिवस मी पदर तोंडाला लावून हसायची. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

यांचा मूळचा आवाज असा नव्हता. सासरे उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. घरात दिवसभर मागाची खटखट, त्यामुळे या घरातली पोरं बोलायला शिकली तीच ओरडत. पुढे हे कोराडीच्या वीज केंद्रात लागले. तिथे टर्बाइनच्या शेजारी उभं राहून माणसाशी बोलायचं म्हणजे फुप्फुसं फाडायची. तो आवाज शिफ्ट संपल्यावर फाटकावर जमा करून यायची सोय नव्हती, तो घरी यायचा. कॉलनीच्या गणपतीत आरती हेच उचलायचे, माइक लागत नसे. आणि भाजीत मीठ कमी पडलं तर शेजारच्या सगळ्या क्वार्टरांना आमच्या भाजीची चव कळायची. हे किस्से मी लग्नाकार्यात सांगते आणि लोक पोट धरून हसतात. मी धरमपेठेतल्या मास्तराच्या घरातली, आमच्याकडे रागवायचं असलं तर दार हळू लावायचे. मी या आवाजात पडले म्हणजे काय झालं असेल, याची कल्पना लोकांना आपोआप येते.

आवाज गेला तेव्हा मी फार रडले. येईल-जाईल त्याला सांगायची, घर ओकंओकं वाटतं हो, तो आवाज कानात आहे माझ्या. हे मी खोटं सांगत नव्हते. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं.

तर मंदपणाची सुरुवात एका अपडेटनं झाली. एप्रिलची सकाळ होती, कूलर नुकता खिडकीत बसवला होता. कॉम्प्युटरनं पडद्यावर निरोप टाकला की नवीन फर्मवेअर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातलाच प्रोग्राम, आलं आहे, शिवाय आवाजाचे, पडद्याचे आणि कसलेकसले ड्रायव्हर आले आहेत, घ्यायचे का. दुसऱ्या कोणी "नंतर" दाबून विषय मिटवला असता. पण आमचे हे वीज केंद्रातले. तिथे मशीनची देखभाल पुढे ढकलणं म्हणजे पाप. त्यांनी सगळ्याला हो म्हटलं. पडदा काळा झाला, वीज बंद करू नका असा दम आला, आणि हे इन्व्हर्टरजवळ हाताची घडी घालून उभे राहिले. तासभर मला मिक्सर लावू दिला नाही. कॉम्प्युटर दोनदा बंद झाला, दोनदा चालू झाला, शेवटी नेहमीचा पडदा आला. यांनी टाइप केलं आणि आवाज म्हणाला, "झालं काम. चटणी वाट."

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट आवडली होती. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा आधी दिवसभर घोंघावायचा, तो एकदम शांत झाला. मी मुलीला फोनवर कौतुकानं सांगितलं की काय छान अपडेट आहे, घरात कॉम्प्युटर आहे असं वाटतच नाही. ती ऑफिसच्या गडबडीत होती. बरं झालं, म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आवाज मागे पडायला लागला. सकाळी ठीक असायचा. दहा-अकराला हे वाक्य टाइप करून एन्टर दाबत आणि काहीच होत नसे. मी कांदा चिरून घ्यायची, फोडणीला टाकायची, तेव्हा हॉलमधून आवाज यायचा, "कांदा जास्त टाक." दुपारी तर कहर. एकदा दूधवाला दाराशी आला, यांनी काहीतरी टाइप केलं, तो वाट पाहून कंटाळून गेला, आणि फाटक लागल्यावर आवाज रिकाम्या दाराला म्हणाला, "उद्या एक लिटर जास्त." मी फाटकापर्यंत धावले. माझं डोकं फिरलं होतं. दूध राहो, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी कीव पाहिली होती, आणि यांनीही पाहिली असणार.

मग सुरू झाला उपायांचा सप्ताह. बंद करून चालू केला. मुलीनं पुण्यातून आमचा पडदा तिच्या पडद्यावर घेतला आणि आमच्या डोळ्यांदेखत बाण आपोआप फिरायला लागला. चालू होताना उठणारे नको ते प्रोग्राम तिनं बंद केले. कचरा फाइली काढल्या. व्हायरस शोधला, तो नव्हता. आवाज उशिरा येतो म्हणजे आवाजाच्या ड्रायव्हरचाच दोष, असं तिनं ठरवलं आणि जुना ड्रायव्हर परत बसवला. रात्री नऊनंतर तिला वेळ मिळायचा, तोवर ऊन उतरलेलं असायचं, आणि कॉम्प्युटर तिच्यासमोर शहाण्या मुलासारखा वागायचा. तिला वाटायला लागलं की आई-बाबाच वाढवून सांगतात.

मग मी तो डबा ऑटोत घालून धरमपेठेतल्या एका दुकानात नेला. दुकान गार, एसी लावलेलं. दुकानदारानं डबा लावला आणि मला खुर्ची दिली. कॉम्प्युटर तिथे भराभर चालला. मी स्वतः टाइप करून पाहिलं. एन्टर दाबताच आवाजानं माझं वाक्य उचललं. "मॅडम, इसमें कुछ नहीं है," दुकानदार म्हणाला. आजारी पोर डॉक्टरच्या पायरीवर खेळायला लागतं तसा प्रकार. मी घरी आले, डबा जागेवर ठेवला, लावला. सकाळी ठीक, दुपारी पुन्हा मुका.

मला राग कॉम्प्युटरचा नव्हता, मला भीती वाटत होती. त्या आठवड्यात हे कमी टाइप करायला लागले. काय उपयोग, असं एकदा हातानंच दाखवलं. जेवताना बोलत नव्हतेच, आता चहालाही बोलेनात. माणूस दुसऱ्यांदा मुका होताना मी पाहत होते, आणि या वेळी ऑपरेशनला दोष द्यायचीही सोय नव्हती.

त्यातून ती झडपेची गोष्ट वर आली. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते की गळ्यात एक छोटी झडप बसवता येते. गळ्याच्या छिद्रावर बोट ठेवलं की फुप्फुसातली हवा त्या झडपेतून घशात जाते आणि आवाज निघतो. खरखरीत असेल, पण स्वतःचा असेल. यांनी तेव्हा "पाहू" एवढंच लिहिलं होतं. आता मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मशीनच्या भरवशावर किती दिवस काढायचे? झडपच बसवू. मी डॉक्टरांकडे तारीख मागते." माझ्या मनातलं बोलली. मी कोराडीच्या देवीला ओटी बोलले.

रविवारी भिवापूरहून माझे मोठे दीर आले. त्यांचं तिकडे मिरचीचं काम. येताना नेहमीप्रमाणे सुक्या मिरच्यांची पिशवी घेऊन आले आणि दारातूनच शिंका सुरू झाल्या. त्यांचाही आवाज मागावरचाच. सोफ्यावर बसले, टोपी काढली, पन्हं घेतलं, आणि भावाकडे पाहून गडगडले, "काय गा, बोलत काहून नाहीस?"

यांनी टाइप केलं. एन्टर दाबलं. काही नाही.

"दादा, मशीन बिघडलं आहे," मी म्हणाले. "हळू बोलतं." आणि मग मी झडपेचं सांगितलं. मुलीलाही फोन लावून स्पीकरवर घेतलं. दिरांना ऐकूनच जोर आला. "बसवा, बसवा. मशीनचा का भरोसा? माह्या भावाचा आवाज पाहिजे मले. त्या आवाजानं अख्खी कॉलनी हालत होती." मुलगी म्हणाली, डॉक्टर पुढच्याच आठवड्यात करायला तयार आहेत, फक्त हो कळवायचं आहे. दीर म्हणाले, मी दवाखान्यात येऊन राहतो. मी म्हणाले, डबे मी करीन. कोण कधी थांबणार, कोणाच्या गाडीनं जायचं, दवाखान्यात कूलर न्यावा का, सगळं ठरलं.

हे समोर बसून टाइप करत होते. मी पाहिलं. एकदा त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. दीर म्हणाले, "हाव गा, थांब, ठरवून राहिलो न आमी." पुन्हा वाजवली. मी म्हणाले, "राहू द्या आता, मशीनला जमत नाही. नंतर सांगा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एन्टर दाबलं, आणि पुन्हा टाइप करायला लागले. वीज केंद्रातली सवय, एक बटन एकदाच दाबायचं आणि थांबायचं.

उठून पडद्यासमोर जाऊन ते काय लिहितात हे वाचायला मला किती पावलं चालावं लागलं असतं? तिघांपैकी एकालाही ते सुचलं नाही.

चहा झाला. दिरांनी टोपी घातली. मुलीनं "मग मी संध्याकाळी डॉक्टरांना कळवते, बाबा काळजी करू नका" म्हणून फोन ठेवला. दीर दाराशी जाऊन चपला शोधत होते. आणि कॉम्प्युटर बोलायला लागला.

"या दादा. ऊन लय आहे. पन्हं घ्या."

दीर हसले. "आता घेतलं गा, जाऊनही राहिलो मी."

"मिरची औंदा कशी आहे?"

मलाही हसू आलं. हे कीबोर्डवरून हात काढून मागे टेकून बसले होते. त्यांनी हसण्यात भाग घेतला नाही.

"झडपेचं मले विचारा," बातम्या सांगणारा तो आवाज म्हणाला. "मी इथंच बसून राहिलो."

दिरांची एक चप्पल पायात होती आणि एक हातात.

"मले झडप नाही पाहिजे." मग थोडं थांबून, त्याच स्वच्छ सुरात, "तारीख घेऊ नका." मग, "दादा, ऐका." मग पुन्हा, "मले नाही पाहिजे."

मधलं प्रत्येक थांबणं लांब होतं. आम्ही दोघं दाराशी खिळल्यासारखे उभे. मला वाटलं संपलं. आणि मग शेवटचं आलं, सगळ्यात लांब, एकाही जागी न अडखळता.

"त्या आवाजानं मी तिले लय रडवलं. आता मी लिहितो, एकदा वाचतो, मंग बटन दाबतो. अर्धं तं खोडूनच टाकतो. तुमाले दिसत नाही मी का का खोडतो ते. तो आवाज वापस आला तं खोडता येणार नाही. मले तो आवाज नाही पाहिजे."

मी दारातून मागे वळून सोफ्यापाशी आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं कधी "चुकलं" हा शब्द उच्चारला नव्हता. घसा धड असताना नाही, घसा गेल्यावरही नाही. आणि आज एका परक्या गृहस्थाच्या आवाजात, माझ्या दिरांसमोर, हवामानाचा अंदाज सांगावा तसं हे घरात बोललं गेलं. दीर खाली वाकून दुसरी चप्पल घालत राहिले, फार वेळ लावला त्यांनी त्या चपलेला. मग "येतो बाई" म्हणाले. एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

पण खरा धक्का तो नव्हता. खरा धक्का मला माझाच बसला. "मले झडप नाही पाहिजे" हे पहिल्यांदा ऐकलं त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. दुःख नंतर झालं, आश्चर्य नंतर झालं. आधी छातीवरचं काहीतरी उतरलं. मी, जी देवीला ओटी बोलले, जी गावभर सांगत फिरले की तो आवाज कानात आहे माझ्या. खरंच आहे तो कानात. मुलीच्या बारशाला तूप वाढायला उशीर झाला म्हणून माझ्या वडिलांच्या पंगतीत तो माझ्यावर कडाडला होता. माझे वडील पानावरून उठले नाहीत, मान खाली घालून जेवले, आणि मी त्या रात्रीपासून तो प्रसंग हसवून सांगायला शिकले. मिठाचा किस्सा, तुपाचा किस्सा, हरवलेल्या किल्लीचा किस्सा. लोक हसतात. मीही हसते. हसता हसता मी विसरले होते की त्या प्रत्येक किश्शाच्या शेवटी मी स्वयंपाकघरात पाणी सोडून रडलेली आहे.

स्वतःला एवढं आतून पाहायची मला सवय नाही. मला राग आला, आणि राग काढायला समोर कॉम्प्युटर होता. मी तावातावानं टेबलाशी गेले. मी काय करते म्हणून हे पाहत राहिले. मी म्हणाले, "या मेल्याला आता भंगारातच देते," आणि डब्यावरची खोळ ओढून काढली.

खोळीचं सांगायचं राहिलं. कोराडीत राख पडते. उन्हाळ्यात पुसलेली खिडकी दुपारपर्यंत करडी होते. कॉलनीतल्या आम्हा सगळ्या बायकांच्या घरी म्हणून टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, फ्रीजच्या डोक्यावर झालर. रिटायर होऊन कोराडी रस्त्याला घर बांधलं तरी राख आणि खोळी दोन्ही बरोबर आल्या. कॉम्प्युटरच्या डब्याला मी सासऱ्यांच्या हातची जाड सतरंजी कापून, आतून अस्तर लावून खोळ शिवली होती. पाठीमागे वायरींपुरती जागा ठेवली होती. बाकी राखेचा कण आत जाणार नाही.

खोळ काढली आणि डब्याला हात लागला. मी हात मागे घेतला. पोळ्या भाजताना तव्याला मनगट लागावं तसं झालं. हे उठून आले. त्यांनी तळहात डब्याच्या पाठीवर धरला, मग कान लावला. कान लावून ते बराच वेळ वाकलेले राहिले. आयुष्यभर मशीनचा आवाज ऐकून दोष ओळखलेला माणूस, आणि आठवडाभर घरात पंखा मुका होता हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांच्याकडे. त्या शांततेचं मीच फोनवर कौतुक केलं होतं.

मुलीला सांगितलं तर तिनं फोनवर डोकं धरलं असावं. "आई, खोळ अजून आहे त्याच्यावर? तुझी खोळ निघणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मीच पंखा पूर्ण वेगावर लावून ठेवला होता. फर्मवेअर नवीन आलं तेव्हा ती सेटिंग पुसली गेली. पंखा शांत मोडवर गेला. डबा तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला हळू चालतो." मग दुकानात का बरा चालला, रात्री तिच्यासमोर का शहाणा होता, सकाळी का बोलायचा, सगळं एका दमात उलगडलं. दुकानात मी त्याला उघडाच नेला होता. खोळ धुवायला टाकली होती ना मी, एवढी नेटकी बाई.

ती सांगत गेली तसं यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, सुरुवातीलाच एक बटन दाबून सेटिंगच्या निळ्या पानात शिरले, आणि पंख्याला पुन्हा पूर्ण वेग दिला. घोंघाट सुरू झाला. यांनी टाइप केलं आणि बोट उचलायच्या आत आवाज आला, "आता ठीक."

मुलगी म्हणाली, "छान. पण डॉक्टरांना संध्याकाळी कळवायचंच आहे, बाबा. मी परत फोन करते." दिरांच्या निघायच्या वेळचं तिला काही माहीत नव्हतं. ती आधीच फोन ठेवून गेली होती.

दुपारभर मी यांच्या मागे लागले. का लागले ते आता कळतं. जे सुटल्यासारखं वाटलं होतं त्याची मला शरम वाटत होती, ती झाकायला मी दुप्पट जोरानं बोलत होते. "झालं गेलं सोडा. लेकीचा जीव आहे तुमच्या आवाजात. दादांचा आहे. माझाही आहे. झडप बसवून घ्या, माझ्यासाठी बसवा. संसारात कोण ओरडत नाही?" त्यांच्यासमोर कीबोर्ड होता. मशीन आता तत्पर होतं, कुठलीही सबब उरली नव्हती. त्यांनी एकदा काहीतरी लिहिलं, वाचलं आणि खोडलं. मी जवळ जाईपर्यंत पडदा कोरा होता. बाकी ते नुसते माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. काहीही न बोलणारा माणूस इतका वेळ चेहऱ्याकडे पाहायला लागला की आपण काय बोलतो आहोत ते आपल्यालाच ऐकू यायला लागतं. मी उठून मिरच्या डब्यात भरल्या.

दिवे लागणीला फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून कीबोर्डशेजारी ठेवला.

"काय ठरलं? हो कळवू ना डॉक्टरांना?"

मी यांच्याकडे पाहिलं. ते स्वस्थ बसले होते. बोलायची माझी पाळी आहे असं जणू.

"बाबा नाही म्हणतात गं," मी म्हणाले. "मी खूप सांगून पाहिलं. ऐकत नाहीत."

बोटं कीबोर्डवर आली. त्यांनी एक ओळ लिहिली. वाचली. खोडली नाही.

"तुह्या आईलेही नाही पाहिजे," आवाज म्हणाला. "दादासमोर मी नाही म्हणलो तवा तिचं तोंड पाहिलं मी. तिले विचार."

पंखा घोंघावत होता. इतक्या वर्षांत या माणसानं माझ्या चेहऱ्यावरचं काही वाचलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हणत आले होते की यांना बायको दिसत नाही, ताट दिसतं. तोंडावर आलेलं "काहीतरीच काय" मी गिळलं. यांचे हात कीबोर्डवरच होते, पण ते काही लिहीत नव्हते, थांबले होते.

"आई?" मुलगी म्हणाली. "हे खरं आहे?"

"हो," मी म्हणाले. "मलाही नको."

"मग डॉक्टरांना नको म्हणून कळवते," मुलगी म्हणाली. यांनी हात मांडीवर ठेवले.